२०२४ मधले आवडलेले सिनेमे : नुसती नावं नकोत, कारण सांगा (रसभंग आहे)

मागची_रांग

वर्ष संपलं की याद्यांचा पूर येतो. दहा नावं, पुढे चांदण्या, विषय संपला. इथे तसं नको. २०२४ मध्ये आपल्याकडे थिएटरात किंवा ओटीटीवर पहिल्यांदा आलेला सिनेमा सांगा आणि त्यात नेमकी कुठली गोष्ट कशी जमवली आहे ते लिहा. "अभिनय दमदार, छायाचित्रण नयनरम्य" हे प्रतिसाद वर्तमानपत्राच्या पुरवणीला पाठवावेत.

माझं यंदाचं मोजमाप एकच आहे. शेवटी जे लागतं ते आधी आपल्या डोळ्यांदेखत पेरलं आहे का?

या मोजमापात पहिला 'मंजुम्मल बॉइज'. कोचीजवळच्या पोरांची टोळी कोडईकनालला जाते, एक जण गुहेतल्या खोल फटीत पडतो. घटना २००६ची, खरी. सुरुवातीला लग्नघरी रस्सीखेच आहे, ती निव्वळ टाइमपास वाटते. पण दोर हातात कसा धरायचा, टाच कुठे रोवायची, एका लयीत मागे कसं जायचं, हे सगळं आपण तिथे पाहून ठेवतो. शेवटी त्याच पोरांनी खड्ड्यातून दोन माणसांचं वजन ओढायचं असतं, तेव्हा कुणालाही काही समजावून सांगावं लागत नाही. इळैयराजांच्या 'कण्मणी अन्बोडु'चं तसंच. 'गुणा' (१९९१) मधलं हे गाणं आधी सहलीच्या मस्तीचा भाग म्हणून येतं, म्हणूनच नंतर ते अंगावर येतं.

दुसरा 'लापता लेडीज'. नवरी बदलली जाते हे पटण्यासाठी किती खिळे ठोकले आहेत बघा. लग्नाचा मुहूर्त, त्यामुळे एकाच डब्यात अनेक नवी जोडपी. सगळ्या नवऱ्यांचे पोशाख सारखे, सगळ्या नवरींचे घुंघट तेवढेच लांब. माणसं सरकत जातात आणि बसायच्या जागा बदलतात. रात्रीची वेळ, उतरायची घाई. आणि फूल नावाच्या नवरीला सासरच्या गावाचं नाव नीट माहीत नाही, एवढंच आठवतं की ते एका फुलाचं नाव आहे. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही असं वळण. यातला एक खिळा काढला तरी कथा पहिल्या स्टेशनवर संपते.

तिसरा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', चौथा 'किष्किंधा कांडम', पाचवा 'पाणी'. त्यांच्यावर सविस्तर नंतर, आधी तुम्ही बोला.

तिसरी_घंटा

जागा धरून ठेवतो. 'महाराजा' यादीत नाही हे बघून गाशा गुंडाळणार होतो, पण भांडायला बरं म्हणून थांबलो.

बूथवाला

माझ्याकडून 'भ्रमयुगम'. राहुल सदाशिवन यांचा, संपूर्ण कृष्णधवल, सतराव्या शतकातला मलबार. एक पडका वाडा, मोजून चार-पाच माणसं आणि मम्मूटी.

कृष्णधवल म्हणजे रंग काढून टाकले की झालं असा समज आहे. तसं केलं तर चित्र पिठूळ होतं. लाल आणि हिरवा डोळ्याला टोकाचे वेगळे, पण दोघांची प्रखरता सारखी असेल तर दोघांचा एकच करडा होतो. माणूस झाडीत मिसळून जातो. त्यामुळे कपडे, भिंती, अंगाला फासलेली राख, हे सगळं उजळ-गडद मापाने ठरवावं लागतं. शेहनाद जलाल यांनी बहुतेक चौकटींत उजेडाला एकच दिशा दिली आहे, दार किंवा दिवा. बाकीचा अर्धा चेहरा अंधारात. भीती त्या अर्ध्यात आहे.

आणि इथेच थिएटरांनी वाट लावली. टूडी सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा हे प्रमाण आहे. प्रोजेक्टरच्या झेनॉन दिव्याचे तास उलटून गेलेले, बूथच्या काचेवर धूळ, किंवा आदल्या शोचा थ्रीडीचा फिल्टर लेन्ससमोर तसाच, यांपैकी काहीही असलं तरी उजेड निम्म्यावर येतो. रंगीत सिनेमात ते खपून जातं. 'भ्रमयुगम'मध्ये मम्मूटींच्या मागची भिंतच नाहीशी होते.

ट्रेलर चालू असतानाच ओळखा. पांढऱ्या पाटीवरचा पांढरा रंग मळकट पिवळा किंवा जांभळट दिसला तर लगेच बाहेर जाऊन मॅनेजरला दोन प्रश्न विचारा : थ्रीडीचा फिल्टर काढला आहे का, आणि स्कोप-फ्लॅटचं सेटिंग बरोबर लागलं आहे का. "प्रिंट अशीच आहे" हे उत्तर स्वीकारू नका. डिजिटल प्रिंट सगळीकडे एकच जाते.

फोडणीचा_भात

बूथवाले, मॅनेजर "स्कोप म्हणजे काय" असं विचारायला लागला तर?

बूथवाला

मग तुम्हीच सांगा. स्कोप म्हणजे जास्त रुंद चौकट, २०४८ बाय ८५८ ठिपक्यांची; फ्लॅट म्हणजे कमी रुंद, १९९८ बाय १०८०. स्कोप सिनेमा फ्लॅटच्या सेटिंगवर लावला तर चारही बाजूंनी काळी पट्टी येते आणि चित्र मधोमध पोस्टाच्या तिकिटासारखं. उलट झालं तर डोकी आणि सबटायटल पडद्याबाहेर. दुरुस्तीला एक बटण दाबावं लागतं, फक्त ते दाबणारा माणूस बूथमध्ये असावा लागतो. हल्ली नसतो.

उलटतपासणी

धागाकर्त्यांच्या मोजमापावर हरकत आहे. पेरलं आहे म्हणून सिनेमा चांगला, हा शाळामास्तरांचा निकष झाला. काही सिनेमे लपवण्यावर उभे असतात आणि तेही तितकंच कठीण काम आहे.

'महाराजा' घ्या (रसभंग पुढे). नितिलन सामिनाथन यांनी दोन कालखंडांतली दृश्यं शेजारीशेजारी ठेवली आहेत, मध्ये काळ बदलल्याची सूचना नाही. आपण ते एकाच वेळचं समजून बघतो. महाराजा हा न्हावी पोलिसात येतो, "लक्ष्मी चोरीला गेली" म्हणतो, लक्ष्मी म्हणजे लोखंडी कचरापेटी. सगळं पोलीस ठाणं हसतं, आपणही हसतो. तो विनोद हाच मोठा आडपडदा आहे, कारण हसणारा माणूस तारखा तपासत नाही. सगळं उलगडल्यावर पुन्हा पाहिलं तर एकही दृश्य खोटं बोलत नाही, फक्त क्रम फसवतो. संकलक फिलोमिन राज यांना सलाम.

मागची_रांग

क्रम फसवतो हे मान्य. आक्षेप वेगळा आहे. तिथे लपवलेली गोष्ट पात्रांना माहीत आहे, फक्त आपल्याला नाही. महाराजाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक आहे की तो पोलिसात का आला आहे. म्हणजे दिग्दर्शक आणि नायक दोघं मिळून प्रेक्षकाला बनवतात. शिवाय धक्का देण्यासाठी एका मुलीवरचा अत्याचार राखून ठेवलेला, ते मला हिशेबी वाटलं.

'किष्किंधा कांडम'मध्येही लपवाछपवी आहेच. पण तिथे आपण नव्या सुनेच्या नजरेने घरात शिरतो. निवृत्त फौजी सासरा, विसरभोळेपणा, निवडणुकीसाठी परवान्याची बंदूक जमा करायची वेळ आणि बंदूकच सापडत नाही. सुनेला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. कुणी डोळ्यांत धूळ फेकत नाही. लेखन आणि छायाचित्रण दोन्ही बाहुल रमेश यांचं, त्यामुळे कागदावरची माहिती आणि कॅमेऱ्याची जागा यांत कुठे फट राहिलेली नाही.

तिसरी_घंटा

मुलीच्या अत्याचाराचा मुद्दा बिनतोड. बाकी 'महाराजा' चीनमध्येसुद्धा लागला आणि चालला, नोव्हेंबरअखेर. तिकडे त्यांना क्रम कळला असेल तर आपल्यालाही कळायला हरकत नाही.

सुलभाताई

'ऑल वी इमॅजिन'बद्दल "नंतर सविस्तर" म्हणून कुणी सुटू नये. मी सुरुवात करते.

सगळे लेख 'कान' महोत्सवातल्या ग्राँ प्री पुरस्कारावर अडकले. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा मुख्य स्पर्धेत, आधीचा शाजी करुण यांचा 'स्वहम' (१९९४), वगैरे. ठीक. पण मराठी वाचकाने बघावी ती पार्वतीची गोष्ट, म्हणजे छाया कदम. इस्पितळात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा. बिल्डर घर खाली करायला सांगतो आणि तिच्याकडे राहत असल्याचा एकही कागद नाही, कारण सगळं नवऱ्याच्या नावावर, आणि नवऱ्याने ते कधी दाखवलंच नाही.

हे सिनेमाने अगदी नेमकं पकडलं आहे. चाळीत भाडेपावती ज्याच्या नावावर तो भाडेकरू. नवरा गेला की पावती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. तेवढ्यासाठी मृत्यूदाखला, शिधापत्रिका, वीजबिल आणि मालकाची सही लागते. मालक सही टाळतो, कारण पुनर्विकास दारात असताना एक भाडेकरू कमी म्हणजे एक खोली वाचली. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचं दार वेगळं. तिथे गिरणीतला तिकीट नंबर, ईएसआयसी (कामगार विमा) कार्ड, भविष्य निर्वाह निधीची नोंद असं काहीतरी हवं. बायकांना या कागदांची जागा माहीत नसते, आणि माहीत होते तेव्हा पेटीला वाळवी लागलेली असते.

सिनेमा यावर भाषण देत नाही. इस्पितळातली नर्स प्रभा तिला वकिलाकडे नेते, वकील कागद मागतो, संपलं. पुढच्या खेपेस पार्वती रत्नागिरीकडे आपल्या गावी निघते.

फोडणीचा_भात

२०२४ हे अधिकृतपणे छाया कदम वर्ष जाहीर करावं. 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनवर चहाचा ठेला, 'मडगाव एक्सप्रेस'मध्ये कंचन कोंबडी, 'ऑल वी इमॅजिन'मध्ये इस्पितळाचं स्वयंपाकघर. बाईंनी वर्षभर लोकांना खायला घातलं आणि मध्ये गोव्यात टोळी चालवली.

कोकणकन्या

सुलभाताई, +१. अजून एक जोडते. मुंबईचा भाग निळसर, ओला, रात्रीचा. लोकल, पूल, इस्पितळाच्या खोल्या, कुठेही क्षितिज दिसत नाही. रत्नागिरीत आल्यावर पहिल्यांदा आकाश येतं आणि ऊन येतं. रणबीर दास यांनी हे फिल्टर लावून केलेलं वाटत नाही, जागा आणि वेळ निवडून केलेलं वाटतं. कोकणातली जांभ्या दगडाची तांबूस छटा कॅमेऱ्यात बहुतेक वेळा भडक केशरी होते, तशी इथे झालेली नाही.

संगीतात इथिओपियाच्या एमाहॉय त्सेगे-मरियम गेब्रू यांचा पियानो आहे. मुंबईच्या पावसावर आफ्रिकेतल्या साध्वीचा पियानो, कागदावर वाचलं असतं तर कुणी पैसे दिले नसते.

उलटतपासणी

दृश्यं सुंदर, पण शेवटचा भाग फारच अधांतरी. किनाऱ्यावर वाचवलेला माणूस, मग प्रभाचं त्याच्याशी बोलणं. ज्या सिनेमाने दीड तास कागदपत्रं आणि भाडी दाखवली त्याने अचानक स्वप्नात जायचं?

सुलभाताई

अचानक कुठे? प्रभाचा नवरा जर्मनीत, आणि तिथून आलेला तो लाल कुकर आठवा. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही. रात्री ती त्या यंत्राला मिठी मारून बसते. नवरा म्हणजे वस्तू हे तेव्हाच ठरलं. पुढे अनोळखी माणूस नवरा होतो तो त्याच वाटेने. धागाकर्त्यांच्या मोजमापात अगदी बसतं.

ध्वनिलहरी

माझं नाव 'द झोन ऑफ इंटरेस्ट'. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीच्या भिंतीला लागून छावणीच्या प्रमुखाचं घर, बाग, मुलं, पोहण्याचा हौद. भिंतीपलीकडचं काही दाखवत नाहीत, फक्त ऐकू येतं. घरात एकावेळी दहापर्यंत कॅमेरे दडवून ठेवलेले, वेगळे दिवे नाहीत, नट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात तशी दृश्यं आपोआप टिपली जातात. म्हणजे चित्र थंड, तटस्थ. सगळी जबाबदारी ध्वनीवर टाकलेली. मार्च २०२४ मध्ये जॉनी बर्न आणि टार्न विलर्स यांना ध्वनीचं ऑस्कर मिळालं ते यासाठी.

लक्ष देऊन ऐका : प्रेतं जाळायच्या भट्टीची घरघर कधीच थांबत नाही. सलग आवाज असला की कान काही मिनिटांत तो गाळून टाकतो. सिनेमाला तेच हवं आहे, आपणही त्या कुटुंबासारखे बहिरे होतो. मग एखादा वेगळा आवाज फुटतो आणि आपण दचकतो.

हिशेबनीस

तो २०२३चा आहे. मे २०२३, कान. नियमात बसत नाही.

ध्वनिलहरी

नियम "आपल्याकडे पहिल्यांदा" असा आहे. तिकडे कान असो नाहीतर नाक.

हिशेबनीस

मग 'पाणी' कशात बसतो? त्याला राष्ट्रीय पुरस्कार ६७व्या यादीत मिळाला, ती २०१९च्या सिनेमांची यादी. थिएटरात आला १८ ऑक्टोबर २०२४ला. आणि 'आट्टम'ला ७०व्या यादीत सर्वोत्तम चित्रपट, ती यादी २०२२ची. वर्ष धरायचं तर एकच पद्धत धरा.

मागची_रांग

प्रदर्शनाची तारीख. तिन्ही बसतात.

नांदेडकर

'पाणी'चं नाव निघालं म्हणून. नांदेड जिल्ह्यातलं नागदरवाडी, हणमंत केंद्रे, पाणी नाही म्हणून गावात मुली द्यायला कुणी तयार नाही. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शनही केलं आणि भूमिकाही. बोली बऱ्यापैकी सांभाळली आहे, पुण्याच्या मराठीला "बे" जोडून मराठवाडा होत नाही हे त्यांना कळलं आहे.

प्रेमकथा आणि पाणलोट एकमेकांत गुंतवले आहेत ही जमेची बाजू. तक्रार अशी की कामाचा क्रम पडद्यावर पुरेसा उतरत नाही. पाणलोटात माथा ते पायथा जावं लागतं. आधी डोंगरमाथ्यावर समतल चर, उताराला आडवे, एकाच पातळीवर. मग ओघळीत दगडी बांध, मग खाली नाल्यावर मातीचा किंवा सिमेंटचा बंधारा. गावं नेमकी उलटं करतात, कारण खालचा बंधारा दिसतो आणि त्याचं उद्घाटन करता येतं. वरची माती अडवली नसेल तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो, मग लोक म्हणतात योजना फसली. ही गंमत पटकथेत नाट्य म्हणून वापरता आली असती. गावातला वाद यावरूनच पेटतो.

तिसरी_घंटा

नांदेडकर, हा धागा जलसंधारण खात्याकडे वर्ग होतोय.

नांदेडकर

होऊ द्या. तिथे तरी कुणी वाचेल.

हिशेबनीस

मराठीबद्दल एक कोरडी गोष्ट. ५ जानेवारी २०२४ला एकाच दिवशी 'ओले आले', 'पंचक' आणि 'सत्यशोधक'. १ मे रोजी 'नाच गं घुमा' आणि 'स्वरगंधर्व सुधीर फडके', पाच दिवस आधी 'जुनं फर्निचर'. वर आयपीएल आणि लोकसभा निवडणूक. ऑक्टोबरात 'येक नंबर', 'फुलवंती', मग एकाच शुक्रवारी 'पाणी' आणि 'लाईक आणि सबस्क्राईब'. मराठी सिनेमा बघणारं कुटुंब महिन्यात एकदा थिएटरात जातं. तिन्ही सिनेमे त्याच एका तिकिटासाठी भांडतात. सोमवारी आकडे पडले की मल्टिप्लेक्स शो कमी करतं, उरलेला शो सकाळी अकराचा किंवा दुपारी तीनचा. नोकरदार माणूस येत नाही, आकडा आणखी पडतो. दुसऱ्या आठवड्यात "प्रेक्षक मराठी बघत नाहीत" अशी मुलाखत.

निर्माते तारखा का बदलत नाहीत? सुट्टीचा दिवस प्रत्येकाला हवा असतो, आणि जाहिरातीचे पैसे एकदा तारखेसकट खर्च झाले की मागे फिरता येत नाही.

सातासमुद्रापार

इकडे अमेरिकेत मराठी सिनेमा म्हणजे मंडळाने पुढाकार घेऊन लावलेला शनिवारचा एक शो. तो उशिरा सुरू होण्याचं कारण बहुधा "की आली नाही" असं सांगतात. हे नक्की काय असतं?

बूथवाला

सिनेमाची डिजिटल प्रिंट कुलूपबंद असते. ती उघडणारी किल्ली वेगळ्या फाइलमध्ये मेलने येते. ती किल्ली एकाच सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरती असते; समजा शनिवार सकाळी ९ ते रविवार रात्री १२. गडबड होते ती तीन ठिकाणी. एक, थिएटरने सर्व्हर किंवा प्रोजेक्टर बदलला आणि वितरकाला जुनाच क्रमांक दिला, मग किल्ली लागत नाही. दोन, वेळ वेगळ्या टाइमझोनमध्ये टाकली. तीन, शो एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर हलवला, किल्ली पहिल्याचीच.

मंडळाने करायचं ते एवढंच : पडदा नक्की झाल्यावर सर्व्हरचा क्रमांक लेखी घ्या, किल्ली दोन दिवस आधी मागवा, आणि शोच्या आदल्या रात्री पहिली पाच मिनिटं चालवून बघायला सांगा. सबटायटल दिसतात का तेही तेव्हाच कळतं.

सातासमुद्रापार

अध्यक्षांना पाठवतो. आणि घरी बघताना? 'भ्रमयुगम' टीव्हीवर निळसर आणि मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

ध्वनिलहरी

गुळगुळीतपणा टीव्ही स्वतः घालतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटी, टीव्ही मधल्या चौकटी कल्पनेने भरतो. एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की बहुतेक काम होतं. निळसरपणासाठी रंगाचं तापमान 'वॉर्म'वर न्या, पहिले दहा मिनिटं पिवळट वाटेल, मग डोळा बसतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, नाहीतर दिवा आत आला की सगळी भिंत उजळते.

संवाद ऐकू येत नसतील तर आवाज वाढवू नका, आधी ऑडिओ बघा. टीव्हीला दोनच स्पीकर आणि लावला ५.१चा (सहा वाहिन्यांचा) ट्रॅक, तर संवाद मधल्या वाहिनीत असतात आणि दोनांत कोंबताना दबतात. स्टिरिओचा ट्रॅक निवडा.

थिएटरात उलट घोळ. मिक्सिंग ज्या आवाजाला झालं तो डॉल्बीच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणावर, ७. लोकांच्या तक्रारी नकोत म्हणून थिएटरवाले ५वर ठेवतात, म्हणजे साधारण ६-७ डेसिबल कमी. 'मंजुम्मल'मधला गुहेतला श्वास तिथेच मरतो.

कोकणकन्या

तांत्रिक चाललंच आहे तर 'ड्यून : भाग दोन'. हार्कोनेन या खलनायक घराण्याच्या ग्रहावरचा तो आखाडा कृष्णधवल करून घेतलेला नाही, ग्रेग फ्रेझर यांनी कॅमेरा बदलून घेऊन इन्फ्रारेडमध्ये टिपला आहे. म्हणून कातडी मेणासारखी आणि नजर मेलेली. त्यात कपड्यांची पंचाईत होते, कारण डोळ्याला काळं दिसणारं कापड इन्फ्रारेडमध्ये करडं किंवा चक्क पांढरं येऊ शकतं, रंग कुठला वापरला त्यावर ठरतं. प्रत्येक कापडाची आधी चाचणी. घरातून उन्हात पाऊल टाकताच माणसाचा रंग जातो, त्या एका चौकटीसाठी मी हा सिनेमा यादीत घेते. कथेत मात्र दुसऱ्या तासात वाळू जास्त.

फोडणीचा_भात

माझी यादी छोटी. 'मुंज्या', कारण आदित्य सरपोतदार यांनी सोडमुंजीआधी मेलेल्या बटूला शंभर कोटी मिळवून दिले. घरात मुंज उरकली असेल तर सोडमुंजही उरकून घ्या, कारण खर्च कमी आहे आणि सिक्वेल टळेल.

आणि 'किल'. शीर्षकाची पाटी बऱ्याच उशिरा, निम्म्याजवळ येते. तोपर्यंत नायक माणसांना आवरत असतो, पाटीनंतर मारतो. एवढं साधं, पण त्या पाटीने सिनेमाचा नियम बदलल्याची दवंडी पिटली. सगळी मारामारी रेल्वेत, त्या डब्याची अडचण नीट वापरली आहे : दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत, म्हणून मोठा घोळका असला तरी समोर एका वेळी एकच.

उलटतपासणी

मूळ प्रश्नावर येतो. धागाकर्त्यांचं मोजमाप ज्याला सगळ्यात चांगलं लागू पडतं तो सिनेमा अजून कुणी नीट घेतलाच नाही, फक्त तारखेच्या भांडणात आला. 'आट्टम'.

बारा पुरुष आणि एक स्त्री असा नाटकाचा गट. पार्टीच्या रात्री तिच्याशी गैरवर्तन होतं, अंधारात. मग पुरुष एका घरात जमून न्याय करायला बसतात. आनंद एकर्षी यांनी पटकथा अशी रचली आहे की गुन्हेगार कोण हा प्रश्न हळूहळू मागे पडतो. प्रत्येकाचं मत कशाने बदलतं ते पाहणं हाच सिनेमा होतो. मध्ये परदेश दौऱ्याची संधी येते आणि मघाचे संतापलेले लोक पुरावा मागायला लागतात. कुणी खलनायक होत नाही. "घाई नको", "तिचंही ऐकू", "गटाचं नाव" अशी आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सभेत ऐकू येणारी वाक्यं.

मागची_रांग

हा माझ्या पाचात असायला हवा होता असं तुम्ही म्हणणार हे दिसतंय. सहावा घेतो, 'पाणी' काढत नाही. पण लपवणंच कठीण म्हणणाऱ्याने शेवटी पेरणीचा सिनेमा आणला याची नोंद व्हावी.

उलटतपासणी

'आट्टम'मध्ये नाव शेवटपर्यंत लपवलेलंच आहे. आधी बघा, मग नोंदी करा.

सातासमुद्रापार

तो कुठे आहे? आणि बारा मल्याळी चेहरे लक्षात कसे ठेवायचे?

उलटतपासणी

भारतात प्राइमवर, मूळ मल्याळम सबटायटलसह. तिकडचं तपासा. डब असलाच तरी नको. एका खोलीत बारा जण एकमेकांवर बोलतात, डबिंगमध्ये ते ओळीने बोलायला लागतात.

बारा लक्षात ठेवायची गरज नाही. तिघांवर लक्ष ठेवा. अंजली. विनय, विवाहित, तिच्याशी छुपं नातं असलेला. हरी, सिनेमातला नट, जो गटात आल्यावर विनयची मुख्य भूमिका गेली. ही तिसरी गोष्ट सुरुवातीला अगदी सहज सांगून टाकली आहे, ती निसटली तर विनय एवढा तावातावाने का भांडतोय यातला अर्धा भाग कळत नाही. बाकीच्यांची नावं विसरलात तरी चालेल, पण घरात कोण कुठे बसलंय ते बघत राहा. मत बदललं की माणूस जागा बदलतो.